आईचा शब्द हाच पुरावा

(यवतमाळ येथे महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



झरी-जामणीतल्या कुमारी मातांचा प्रश्न आपल्याला नवा नाही. कोलाम पोरीला फसवून पुरुष निघून जातो, मूल तिच्या पदरात राहते. दाखल्यासाठी ती कचेरीत गेली की पहिला प्रश्न येतो, ‘बापाचं नाव?’ आज अशाच, पण युद्धाने बिनकागदाच्या केलेल्या मुलांविषयी बोलायचे आहे.

पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. त्याच राज्याच्या पूर्व भागात, गोदावरीकडच्या जंगलांत, बस्तरमधून पळून आलेली मुरिया गोंड कुटुंबे राहतात. २००५ साली तिथे सलवा जुडूम सुरू झाले. एकीकडे माओवादी, दुसरीकडे सरकारच्या पाठबळाने हत्यारे घेतलेले आदिवासी तरुण. गावे जळाली, बाया लेकरे घेऊन सीमेपार गेल्या. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना असे हत्यारबंद करणे घटनाबाह्य ठरवले. पण त्या निकालाने उठलेली गावे पुन्हा वसली नाहीत.

देशाची सीमा ओलांडली नाही, म्हणून ही माणसे निर्वासित नाहीत. बस्तरमध्ये ती अनुसूचित जमातीची. तेलंगणात त्यांना ‘गुत्ती कोया’ म्हणतात आणि जमातीचा दाखला मिळत नाही. जंगलातल्या झोपडीत जन्मलेल्या मुलाची नोंद मग करायची कुठे?

कायदा काय म्हणतो? भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क करारानुसार जन्मताच नोंद हा मुलाचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ सांगते, वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली मांडलेली तत्त्वे म्हणतात, बाईला स्वतःच्या नावाने कागद मिळाला पाहिजे. आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला द्यावा.

म्हणजे झरीतली आई असो की बस्तरची, आपली मागणी एकच. मूल कुणी जन्माला घातले, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक आहे? तिचा शब्द पुरावा माना.

जूनमध्ये शाळा उघडतील. विटाभट्टीवर, पालात, पोडावर बिनकागदाचे मूल दिसले तर त्याच्या आईबरोबर शाळेत जा. कलम १४ तोंडपाठ ठेवा. दाखला मागाहून काढू. आधी पोराला वर्गात बसवू.