कोशांच्या गावी संगणकाचे स्वागत

माहिती-तंत्रज्ञान आणि शालेय अभ्यासक्रम या विषयावरील परिषदेसाठी आलेल्या शिक्षक प्रतिनिधींचे आणि माननीय अध्यक्षांचे कृष्णाकाठच्या वाईत स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

आल्या पाहुण्याला ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा दाखवल्याशिवाय वाईकराला चैन पडत नाही. ‘स्वदेस’चे चित्रीकरणही मेणवलीतच झाले. त्यातला नासाचा अभियंता गावात वीज आणतो. तंत्रज्ञानाशी नाते सांगायला वाईकरांना तेवढेही पुरे!

पण खरा अभिमान प्राज्ञपाठशाळेचा. तिथले नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, आज गावातल्या मुलांनाही फारसे ठाऊक नाहीत. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये विनोबा उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला आले, ते याच शास्त्रीबुवांपाशी. सात खंडांचा मीमांसाकोश त्यांचाच. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एवढे मोठे काम मुंबई-पुण्यात न जाता वाईत झाले, हे सांगताना इथल्या माणसाचा आवाज जरा चढतोच.

याचा संगणकाशी संबंध काय? विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथ दिलेले असतात. आता तो महाजालावर विनामूल्य वाचता येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ पुरस्कार मिळवला. मोबाइल धरला की धडा ऐकू येतो, कविता दिसते. मात्र पडद्यावरचा मजकूर कोणी लिहिला, कशाच्या आधारावर लिहिला, हे विचारायची सवयही संगणकाच्या तासालाच लागावी, असे वाईकरांचे मागणे आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास वर्गखोल्यांत आहे, गाद्या पातळ आहेत, अंघोळीच्या गरम पाण्याला रांग लागेल. महाबळेश्वरच्या गाड्यांमुळे काहींना यायला उशीर झाला. वाय-फाय सभामंडपाबाहेर पोचत नाही. या विषयाच्या परिषदेत हे विशेष लाजिरवाणे. प्रतिनिधींनी सांभाळून घ्यावे.

मंडप, तांदूळ आणि गूळ देणारे व्यापारी, प्रोजेक्टर पुरवणारे माजी विद्यार्थी, पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, खोल्या मोकळ्या करून देणाऱ्या शाळा आणि नाव न सांगण्याच्या अटीवर रोख रक्कम देणारे दाते या सर्वांची समिती ऋणी आहे. पहिली पंगत साडेबाराला बसेल; भोजनाचे कुपन नोंदणीच्या टेबलावर मिळेल.