प्रतिनिधीच्या कामाची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. या व्यासपीठावरून आहारशास्त्रावर, बालसंगोपनावर, संतवाङ्मयावर अधिकाराने बोलणाऱ्या विदुषी आपण ऐकल्या आहेत. मी पडले साधी संसारी बाई. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही ती वही ठेवता ना, तिच्याविषयीच सांगा." म्हणून वहीच बरोबर घेऊन आले आहे.

ही वही कसली? आपण सगळ्याजणी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतो. महिनाअखेर गवळीदादा हिशेबाला आले की बोट ठेवून दाखवतो, "या तारखेला दूध आले नाही, त्या तारखेला अर्धा लिटरच आले." अर्ध्या लिटरसाठी आपण इतक्या दक्ष. मात्र ज्यांना पाच वर्षांसाठी आपले मत देऊन दिल्लीला किंवा मुंबईला पाठवले, त्यांचे खाडे आपल्यापैकी कोण मांडते? तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही मांडत नव्हते. मांडायला लागले ते आपल्या रेल्वे फाटकामुळे.

त्या फाटकाची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. श्रावणातल्या एका संध्याकाळी आपल्याच आळीतली एक सूनबाई कळा सुरू झाल्या म्हणून रिक्षातून दवाखान्याला निघाली आणि फाटक पडले. एक मालगाडी गेली, मग दुसरी आली. फाटक उघडेपर्यंत बाळ रिक्षातच जन्मले. आपल्या दोघी सभासद जवळ होत्या म्हणून आई आणि लेकरू सुखरूप राहिले. दर वेळी असेच होईल याची हमी कोणी द्यावी?

त्यानंतर मंडळाने खासदारांच्या कार्यालयाला पत्र दिले. उत्तर आले, "साहेबांनी हा विषय दिल्लीत मांडलेला आहे." ते उत्तर वाचून आपल्याच बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, हे नुसते थापा मारणे आहे. काहीजणी म्हणाल्या, साहेब आपल्यासाठी रात्रंदिवस झटताहेत. गंमत अशी की, कोणालाच खरे ठाऊक नव्हते. दोन्ही बाजूंचा आवाज मात्र सारखाच चढलेला होता!

माझी भाची महाविद्यालयात शिकते. ती म्हणाली, "मावशी, भांडता कशाला? संसदेत विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेले उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर असते." तिने खासदारांचे नाव घातले आणि अर्ध्या तासात तो कागद छापून माझ्या हाती दिला. प्रश्न खरोखरच विचारलेला होता, तोही आमच्या पत्राच्या दीड वर्ष आधी! उत्तर असे होते की, उड्डाणपुलाचा प्रस्ताव विचाराधीन आहे, निम्मा खर्च राज्याने उचलायचा आहे आणि राज्याच्या संमतीची वाट पाहिली जात आहे.

म्हणजे थापा मारतात म्हणणाऱ्या चुकल्या होत्या. पण रात्रंदिवस झटतात म्हणणाऱ्याही चुकल्याच होत्या, कारण ते उत्तर आल्यावर दीड वर्षात त्याचा पाठपुरावा कोणीही केला नव्हता. आम्ही तो कागद खासदारांपुढे ठेवला. ते मोकळेपणाने म्हणाले, "बाई, इतक्या प्रश्नांत हे माझ्या ध्यानातून गेले." माणूस आहे, विसरतो. म्हणूनच तर वही हवी.

आता प्रतिनिधीच्या कामाचे माप कसे घ्यावे ते थोडक्यात सांगते. माझ्या वहीत तीन रकाने आहेत: हजेरी, प्रश्न आणि मत.

पहिला रकाना हजेरीचा. खासदारांनी सभागृहात हजेरी नोंदवली तरच त्यांना त्या दिवसाचा भत्ता मिळतो. परवानगीवाचून सभागृहाच्या सर्व बैठकांना साठ दिवस गैरहजर राहणाऱ्या सभासदाची जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते, असे आपल्या राज्यघटनेच्या १०१व्या कलमात आहे. मात्र या रकान्याला फार भुलू नये. हजेरी लावून लगेच बाहेर पडलेला आणि दिवसभर बाकावर बसलेला, दोघांची हजेरी सारखीच लागते. शिवाय मंत्र्यांना तेथे हजेरी नोंदवावी लागत नाही. तेव्हा मंत्र्यांच्या नावापुढे हजेरी दिसली नाही म्हणून त्यांना गैरहजर ठरवू नये.

दुसरा रकाना प्रश्नांचा. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नावर तारा असतो त्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. असे वीस प्रश्न एका दिवसाच्या यादीत असतात. अतारांकित प्रश्न दिवसाला दोनशे तीस असतात आणि त्यांची उत्तरे लेखी मिळतात. आपल्या विधानसभेतही तारांकित, अतारांकित प्रश्न आहेत. शिवाय लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही आमदारांच्या हातची हत्यारे आहेत. आमदाराने आपल्या गावासाठी यांपैकी कोणते हत्यार केव्हा उचलले, हे पाहावे.

परंतु येथेही नुसती बेरीज करू नये. कोणाचा प्रश्न यादीत यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते, त्यामुळे नशिबाचाही भाग असतो. आणि पुष्कळ प्रश्न विचारणारा तो चांगला, असे तर मुळीच नाही. १९५१ साली हंगामी संसदेतील मुदगल नावाच्या सभासदांनी मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचे सिद्ध झाले. पंडित नेहरूंनी स्वतः त्यांना काढून टाकण्याचा विषय सभागृहात आणला आणि त्यांना सभासदत्व सोडावे लागले. पुढे डिसेंबर २००५ मध्ये अशाच लाचेच्या प्रकरणी दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा खासदारांना काढून टाकण्यात आले. तेव्हा प्रश्न किती हे पाहण्याआधी प्रश्न कोणाचा हे पाहावे. त्यात फाटकावर उभी असलेली बाई आहे, की कोणा व्यापाऱ्याची तिजोरी?

या रकान्यातली खरी मौल्यवान वस्तू मात्र उत्तर ही आहे. मंत्र्यांनी सभागृहात "हा विषय विचाराधीन आहे" असे म्हटले, तर आपण त्याला वाटेला लावणे समजतो. संसदेत मात्र अशा वाक्याला आश्वासन मानतात! अशी आश्वासने पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे आणि ती पुरी करायला तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे. मुदत वाढवून मागता येते, आणि ती पुष्कळदा मागितली जाते, ही गोष्ट वेगळी. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. सासूबाईंनी "बघू हं" म्हटले की सुनेने ते मनात टिपून ठेवावे, तसेच हे आहे.

तिसरा रकाना मताचा. हा भरायला मी मोठ्या उत्साहाने बसले आणि तो बराचसा कोराच राहिला! कारण असे की, आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी "होय" म्हणावे. मग "नाही" म्हणणाऱ्यांना विचारतात. कोणता आवाज मोठा ते ऐकून निर्णय देतात. त्या आवाजात आपल्या खासदारांचा आवाज कोणता, हे कोठेच नोंदले जात नाही. एखाद्या सभासदाने निर्णयाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तरच बटणे दाबून मते नोंदली जातात आणि मग कोण कोठे होते ते कळते.

घटनादुरुस्तीला मात्र एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. म्हणून तेथे मते मोजावीच लागतात. आपल्या जिव्हाळ्याचेच उदाहरण घ्या. लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ मते पडली आणि विरोधात एकही नाही. विरोधी दोन मतांपैकी एक आपल्याच मराठवाड्यातून निवडून गेलेल्या सभासदाचे होते. मागासवर्गीय आणि मुसलमान स्त्रियांसाठी वेगळ्या जागा नाहीत, हे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. ते पटो वा न पटो, त्यांनी उभे राहून सांगितले आणि नाव नोंदवले. मत नोंदले की त्यामागचे कारणही विचारता येते, हा त्याचा मोठा लाभ आहे.

एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना १७ एप्रिल १९९९ हा दिवस आठवण करून द्यावा. त्या दिवशी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने देशाचे सरकार गेले!

तरीही मताच्या रकान्यावरून माणूस जोखताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९८५ साली झालेल्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीपासून, पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या सभासदाचे सभासदत्व जाऊ शकते. घाऊक पक्षांतराला आळा घालण्यासाठी ती दुरुस्ती आली. परंतु तिच्यामुळे सभासदाचे मत बहुधा पक्षाचेच मत असते. म्हणून आपल्या देशात मतापेक्षा प्रश्न, भाषण आणि समितीतील काम यांवरूनच माणसाची स्वतःची ओळख अधिक पटते.

एकट्या सभासदाच्या चिकाटीला फळ येत नाही, असे मात्र समजू नका. मृणालताई गोरे यांनी गर्भलिंगचाचणीचा प्रश्न आपल्या विधानसभेत लावून धरला. बाहेर अनेक संघटना त्यासाठी झगडत होत्या. १९८८ साली महाराष्ट्राने त्या चाचण्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. तो देशातला पहिला होता. साऱ्या देशासाठी तसा कायदा १९९४ साली झाला. आतला आवाज आणि बाहेरची चळवळ यांची गाठ पडली की काय होते, ते यावरून दिसते.

आता कोणी म्हणेल, आमच्या नगरसेवकांनी गटार बांधले, खासदारांनी सभामंडप दिला, मग वही कशाला? गटार हवेच, मंडपही हवा. पण खासदारांना आपण निवडतो ते मुख्यतः कायदे करायला, सरकारला जाब विचारायला आणि देशाच्या खर्चावर नजर ठेवायला. सभामंडपाच्या पाटीवरचे नाव आपण रोज वाचतो. सभागृहातल्या कामाची पाटी कोणी लावत नाही. ती आपणच लावायची.

फाटकाचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात आले असेल. तो छापील कागद घेऊन आपल्या सातजणी आमदारांकडे गेल्या. संमती कोठे अडली आहे, हे त्यांनी सभागृहात विचारावे अशी विनंती केली. त्यांनी विचारले. चार महिन्यांनी संमतीपत्र गेले. खासदारांनीही पुन्हा पत्र लिहिले आणि त्याची नक्कल मंडळाला पाठवली. ती या वहीत चिकटवलेली आहे. पूल अजून झालेला नाही. मोजणीचे खुंट मात्र ठोकले गेले आहेत आणि गेल्या पावसात त्यांतला एकही उपटला गेला नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळात सर्व पक्षांना मत देणाऱ्या बायका आहेत आणि तसेच असावे. ही वही कोणाला पाडायला किंवा निवडून आणायला नाही. तीत चांगले काम त्याच शाईने लिहायचे, ज्या शाईने खाडा लिहायचा. माझी सूचना एवढीच की, प्रत्येक अधिवेशन संपले की दोघीजणींनी एक दुपार बसून एक पान भरावे, एक खासदारांचे आणि एक आमदारांचे. डोळ्यांनी अधू असलेल्यांनी ऐकावे, लेकीसुनांनी संकेतस्थळ उघडून वाचून दाखवावे. आणि ते पान हळदीकुंकवाला सर्वांसमोर वाचावे.

जे बाळ फाटकावर जन्मले ते आता अंगणवाडीत जाते. ते अठरा वर्षांचे होऊन प्रथम मत द्यायला निघेल, तेव्हा त्याच्या हाती ही वही देता यावी, आणि जाताना फाटकावर थांबावे लागू नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.