विसाव्याचे घर



मंडळाने मला विषय दिला आहे, शनिवार-रविवारच्या विसाव्याचे घर कसे असावे. हल्ली आपल्या पुसदेतही गावाबाहेर, शेतावर बंगली बांधण्याची हौस वाढली आहे. हौसेला माझा विरोध नाही. पण तिथे विसावा कोणी घ्यायचा, एवढे पायाभरणीच्या आधी ठरवावे.

ही हौस काही आजची नव्हे. उन्हाळ्याला त्रासलेल्या साहेबांनी थंड जागा शोधल्या. आपल्या वऱ्हाडातले चिखलदरा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनला सापडले, माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि खंडाळा-लोणावळा मुंबईकरांच्या आवाक्यात आले. साहेबांच्या बंगल्यांना रुंद व्हरांडे असत, ते घेण्याजोगे आहेत. स्वयंपाकघर मात्र मागे लांब, वेगळे असे. धूर नको, वास नको. त्यांच्याकडे खानसामा होता. आपल्याकडे खानसामा म्हणजे आपणच!

आमच्या नात्यात एकांनी मोठी देखणी बंगली बांधली. पुढे हिरवळ, झोपाळा, बसायला दगडी ओटे. स्वयंपाकघर मागच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, एक खिडकी, तीही उन्हाची. मे महिन्यात आम्ही पाचजणी तिथे वीस माणसांच्या पोळ्या लाटत होतो आणि हिरवळीवरून हसण्याचे आवाज येत होते. सोमवारी घरी आल्यावर पुरुषमंडळी ताजीतवानी आणि आमची कंबर धरलेली. ऐषआरामाला पैसा कमी पडला नव्हता. नकाशा काढताना घरच्या बाईला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

म्हणून मी म्हणते, नकाशा स्वयंपाकघरापासून सुरू करावा. ते पूर्वेला किंवा उत्तरेला, ओसरीला लागून असावे. मधे भिंतीऐवजी कमरेइतका कठडा असला की भाजी चिरणारीलाही गप्पांत भाग घेता येतो. ओट्याची उंची जिला उभे राहायचे तिने स्वतः मोजून द्यावी.

आता उन्हाचे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. आपल्या जुन्या ढाब्याच्या घरांत जाड मातीमुळे दुपारी आत गारवा राही, आणि रात्री माणसे अंगणात बाज टाकून निजत. पश्चिमेची भिंत जाड घ्यावी, तिकडे न्हाणी, कोठी असे काही काढावे. दक्षिणेला ओसरी असली तर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने छपराची सावली पडते, आणि हिवाळ्यात तिरपे ऊन आत येऊन पाय शेकतात. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा. वाळ्याच्या ताट्या दारांना लावून पाणी शिंपडले की दुपार सुसह्य होते, सुगंध वेगळाच.

महागड्या वस्तूंनीच सुख येते असे ज्यांना वाटते त्यांनी सेवाग्रामची बापूकुटी पाहून यावी. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला गेले. ही कुटी आधी मीराबेनची. माती, बांबू, लाकूड, कौले, सगळे तिथलेच साहित्य, आणि भोवती पडवी. भर दुपारी आत बसले तरी जीव घाबरत नाही. आपण काही कुटीत राहणार नाही, पंखा-कूलर हवाच. पण पडवी आणि माती यांना काय मोल पडते?

बाहेरच्या बसण्याची जागा आधी झाड पाहून ठरवावी. कडुनिंब असेल तर तो तोडू नये, घर चार हात सरकवावे. विहिरीला कठडा आणि वर जाळी हवी, मुले असतात. पायवाटेला दिवे हवेत, पावसाळ्यात साप-विंचू निघतात. सरपण घराला टेकवून रचू नये.

आणि अंगणात एक जागा रोडग्यांसाठी राखावी. इथे पुरुषांना आग्रह करावा लागत नाही. गोवऱ्यांचा आर पेटला की ते आपणहून बाह्या सरसावून बसतात, वांग्याची भाजीही झणझणीत करतात, आणि नंतर वर्षभर तिचे वर्णन ऐकवतात. तेव्हा ती जागा ऐसपैस, पाण्याच्या नळाजवळ आणि भांडी घासायच्या दगडाला लागून असावी. दगड त्यांच्याच बाजूला.