रक्ताची साक्ष

इंग्लंडांत लेस्टर शहराजवळ नारबरो व एंडरबी हीं दोन शेजारचीं खेडीं आहेत. तेथें १९८३ सालीं एका पंधरा वर्षांच्या मुलीचा खून झाला, आणि १९८६ सालीं तशाच रीतीनें दुसरीचा. पोलिसांनीं एका सतरा वर्षांच्या मुलास पकडलें. त्यानें दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. कबुलीहून मोठा पुरावा कोणता, असें कोणासही वाटेल. परंतु लेस्टरच्याच विद्यापीठांत ॲलेक जेफ्रीज यांनीं १९८४ सालीं एक नवी परीक्षा शोधून काढली होती. ती समजण्यासाठीं शरीराच्या अगदीं आंत डोकावलें पाहिजे.

शरीरांतील बहुतेक पेशींच्या केंद्रांत डीएनए नांवाचे अतिसूक्ष्म धागे असतात. मनुष्याच्या एका पेशींतील धागे एकापुढें एक मांडले, तर लांबी सुमारें दोन मीटर भरेल. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनीं १९५३ सालीं त्यांची रचना उलगडली. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत रोझॅलिंड फ्रँकलिन या विदुषीनें केलेल्या क्ष-किरणांच्या अभ्यासाचा त्यांस मोठा आधार मिळाला. श्रोत्यांनीं पीळ घातलेल्या दोरांच्या शिडीची कल्पना करावी. बाजूचे दोर शर्करा व फॉस्फेट यांचे. पायऱ्या मात्र ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन या चार द्रव्यांच्या. प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. ॲडेनिनची जोडी थायमिनशीं, ग्वानिनची सायटोसिनशीं. दुसरी सोयरीक तेथें सहसा जमत नाहीं.

या एका नियमांतच नक्कल होण्याचें रहस्य आहे. पेशी दुभंगण्यापूर्वीं शिडी मधोमध उसवते. प्रत्येक तुकड्याचा जोडीदार ठरलेलाच असल्यामुळें उरलेला अर्धा भाग नव्यानें भरून निघतो, व एकीच्या दोन शिड्या होतात. प्रत्येकींत एक दोर जुना, एक नवा. मेसेल्सन व स्टाल यांनीं १९५८ सालीं जंतूंवर प्रयोग करून हें सिद्ध केलें.

या चार अक्षरांचा लेख सर्व माणसांत बव्हंशीं सारखाच असतो. तथापि कांहीं ठिकाणीं एकच लहानसा शब्द पुनःपुन्हां येतो. कोणांत तो सात वेळां, कोणांत अकरा वेळां. प्रत्येक ठिकाणचा एक पाठ आईकडून येतो, एक बापाकडून. एकच ठिकाण जुळल्यानें कांहीं ठरत नाहीं. पण अनेक ठिकाणें एकदम जुळलीं म्हणजे माणसाची ओळख पटते. एकाच गर्भबीजापासून झालेलीं जुळीं भावंडें तेवढीं या परीक्षेस चकवितात.

जेफ्रीज यांनीं दोन्ही मुलींच्या देहांवर मिळालेले गुन्हेगाराचे अंश त्या मुलाच्या रक्ताशीं ताडून पाहिले. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे ठरले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता! मुलगा सुटला. पुढें भोंवतालच्या हजारों पुरुषांचीं रक्तें तपासण्यांत आलीं. खऱ्या गुन्हेगारानें आपल्या जागीं दुसऱ्यासच रक्त देण्यास पाठविलें होतें. तें बिंग फुटलें, आणि १९८८ सालीं त्यास जन्मठेप झाली.

अंश कोणाचा, एवढेंच ही परीक्षा सांगते. तो तेथें कसा आला, याचा निवाडा न्यायाधीशानेंच करावयाचा. तरीही खुनाच्या तपासांत ती प्रथम उपयोगांत आली तेव्हां, अपराध्यास पकडण्याआधीं तिनें एका निरपराध्यास सोडविलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.