राग आणि जाझ



अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात जाझचे नाव काढणे धाडसाचेच! तरी आम्ही ते करतो, कारण आजची तबकडी रागांचीच आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या उत्स्फूर्त संगीताशी शंकर-जयकिशन यांनी १९६८ साली आपल्या रागांची गाठ घालून दिली. तोडी, भैरव, मालकंस, शेवटी भैरवी. असे अकरा राग.

रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम आणि लुसिला पाशेको यांचा पियानो. मुंबईच्या चित्रपटांत गोव्याच्या किती वादकांनी हयात घालवली; पडद्यावर नाव बहुधा संगीत-दिग्दर्शकाचेच!

आता अडचण पाहा. पियानोचे सूर बांधलेले. त्याला मींड नाही, श्रुती नाही. मग तोडीचा गंधार त्याने सांगावा कसा? पेटीचेही दुखणे हेच. पण याच कोल्हापुरात वाढलेल्या गोविंदराव टेंब्यांनी तिच्यातून केवढे गाणे काढले! इथे मींड सतारीकडे सोपवली आहे, आणि पियानोने आपल्याला न जमणाऱ्या गोष्टीचा हट्ट धरलेला नाही. हा शहाणपणा आम्हांस फार आवडला.

सगळे राग सारखे साधलेले नाहीत, हेही सांगून टाकतो. कुठे नुसती सुरावट उरते, चलन हरवते. पण सतारीने एक जागा घ्यावी आणि सॅक्सोफोनने तिला आपल्या बोलीत उत्तर द्यावे, तिथे जुगलबंदीला सरावलेला कान चटकन टवकारतो.

आधी कलावती लावतो. ऐका, मग भांडू.