तो बघ, जॉन कँडी!

हेडफोन लावलेत ना? आज थोडं वेगळ्या खेळाबद्दल बोलू. अमेरिकन फुटबॉल. हो, तोच, लांबट चेंडू आणि हेल्मेटवाला. मलाही आधी वाटायचं, ही काय नुसती ढकलाढकली! पण आमच्या टीममधला एक सीनियर सांता क्लॅराला असतो, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा पक्का फॅन. त्याने मला एक जुनी मॅच बघायला लावली आणि मी अडकलो.

नियम दोन वाक्यांत सांगतो. एका बाजूला 11 खेळाडू. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. आणि बहुतेक प्रयत्नांत चेंडू मागे ज्याच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. कुणाला पास द्यायचा, कधी द्यायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेही समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना.

आता मॅच. 22 जानेवारी 1989, मायामी, सुपर बोल. समोर सिनसिनाटी बेंगल्स. फोर्टीनाइनर्स 16-13 ने मागे. वेळ उरलाय तीन मिनिटांच्या जरा वर. आणि चेंडू कुठे? स्वतःच्याच 8 यार्डांच्या रेषेवर. म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान पार करायचंय, 92 यार्ड.

क्वार्टरबॅक होता जो मोंटाना. 1979 च्या ड्राफ्टमध्ये 82 व्या नंबरवर निवडला गेलेला. त्याच्या हातात फार ताकद नाही असं तेव्हा म्हटलं जायचं. पण टोपणनाव काय, तर ‘जो कूल’. आपल्या ‘कॅप्टन कूल’च्या कितीतरी आधीचा.

तेव्हा हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता, तो 1994 ला आला. चाल सांगायची तर सगळे गोल करून उभे राहणार, आणि क्वार्टरबॅक सांगणार. तर सगळे टेन्शनमध्ये. हॅरिस बार्टन नावाचा एक धिप्पाड खेळाडू तर फारच. आणि मोंटाना त्याला काय म्हणतो? तो बघ, तिकडे प्रेक्षकांत जॉन कँडी उभा आहे! जॉन कँडी म्हणजे तेव्हाचा गाजलेला विनोदी नट. भाषण नाही, ‘करो या मरो’ नाही. फक्त, तो बघ कोण आलाय.

मग 11 चालींत ते 92 यार्ड गेले. 34 सेकंद उरले असताना जॉन टेलरच्या हातात पास, आणि 20-16 ने मॅच खिशात.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण मला आवडतो तो मधला भाग, जो फार कुणी सांगत नाही. त्याच चालींच्या मध्ये मोंटानाला चक्कर यायला लागली होती. श्वास इतका जोरात चालला होता की डोकं गरगरायला लागलं. त्याने कोच बिल वॉल्श यांच्याकडे टाइमआउटची खूण केली, तो मिळाला नाही. मग त्याने काय केलं? चेंडू सरळ मैदानाबाहेर फेकला. एक प्रयत्न वाया गेला, पण चेंडू समोरच्यांच्या हातात पडला नाही. पुढच्या चालीला दंड बसून टीम 10 यार्ड मागे आली. आणि त्याच्या पुढच्या चालीला त्याने जेरी राइसला 27 यार्डांचा पास दिला.

म्हणजे ‘जो कूल’ आतून कूल नव्हताच! त्याची पण टरकली होती. फरक इतकाच की ती भीती त्याने पुढच्या माणसाच्या अंगावर टाकली नाही. स्वतःला जमत नाहीये हे कळल्यावर हिरोगिरीही केली नाही, चेंडू सोडून दिला.

आणि शेवटचा पास बघा. त्या दिवशी राइसने 11 झेल घेतले होते, 215 यार्ड. बेंगल्सचा डोळा त्याच्यावरच असणार ना? तर पास गेला टेलरकडे, ज्याने अख्ख्या मॅचमध्ये तोवर एकही झेल घेतला नव्हता. त्याचा त्या मॅचमधला तो एकमेव झेल.

आता हे सगळं मी का सांगतोय? गेल्या वर्षी मी पहिल्यांदा टीम लीड झालो. एका रात्री रिलीजनंतर आमची सिस्टीम झोपली. कॉलवर आठ जण. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, तर “हे कोणी केलं?”

कॉलवर सन्नाटा. पुढचा पाऊण तास आम्ही नको तिथे शोधत बसलो. दुसऱ्या दिवशी आमच्यातला सगळ्यात ज्युनियर मुलगा चहाच्या टपरीवर हळूच म्हणाला, “दादा, मला लगेच कळलं होतं कुठे गडबड आहे. पण तुम्ही असं विचारलंत ना... बोलायची हिंमतच झाली नाही.”

घाबरलो होतो मी, आणि वाटली सगळ्यांना. उत्तर त्याच कॉलवर होतं, माझ्या जॉन टेलरकडे. मीच त्याचं तोंड बंद केलं. मी त्याला सॉरी म्हणालो, पण उशिरा. तोवर त्याने दुसऱ्या टीमसाठी अर्ज केला होता, आणि तो गेलाही.

मी काही मोंटाना झालेलो नाही. अजूनही रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. फक्त आता कॉलवर पहिलं वाक्य ठरवून बोलतो: “सगळे जेवलात ना? बरं, कोणाला काय दिसतंय ते सांगा, चुकलं तरी चालेल.” आणि माझंच डोकं चालेनासं झालं की सरळ सांगतो, “दोन मिनिटं दुसरं कोणीतरी बघा.”

तुमच्या टीममध्ये, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, नाहीतर घरात, सगळं बिघडल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय असतं? एकदा आठवून बघा. आणि मला नक्की कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!