तारेतला करंट आणि बांधावरची हाक



२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ७ ते १० मे असे चार दिवस भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रांची आणि ड्रोनची लढाई चालू होती. जालन्यात बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात मी चहा घेत बसलो होतो. समोर टीव्ही चालू. शेजारच्या टेबलावरचा एक तरुण म्हणाला, "एकदाचा टाकून द्यावा अणुबॉम्ब. रोजची कटकट तरी मिटेल." त्याचा मित्र म्हणाला, "अरे, त्यांच्याकडेही आहे ना! म्हणून तर कुणी टाकत नाही." दोघे हसले, चहाचे पैसे देऊन निघून गेले. मी बसूनच राहिलो. त्या दुसऱ्या मुलाने सहज जे सांगितले, त्याच एका विचारावर जगातल्या बड्या राष्ट्रांची सुरक्षा पाऊणशे वर्षे उभी आहे.

इंग्रजीत याला डिटरन्स म्हणतात. मी आपला घरातला शब्द वापरतो : धाक. तू मारशील तर मीही मारीन, आणि मग दोघांपैकी कुणीच उरणार नाही. तेव्हा तू हात उचलू नकोस. या धाकाने काहीच साधले नाही असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाल्यानंतर कोणत्याही युद्धात अणुबॉम्ब पडलेला नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया चाळीस वर्षे एकमेकांवर डोळे वटारून उभे राहिले, पण समोरासमोर युद्ध झाले नाही. प्रश्न इतकाच, की हे श्रेय एकट्या धाकाचे का?

याचे उत्तर मला भोकरदन तालुक्यातल्या एका शेतात सापडले. तिथे माझ्या मामूंची चार एकर जमीन होती. शेजारी अण्णांचा मका. कणसे भरली की रानडुकरे यायची आणि एका रात्रीत उभे पीक आडवे करायची. अण्णांनी कंटाळून बांधाच्या कडेने तार ओढली आणि तिच्यात थेट खांबावरचा करंट सोडला. हे बेकायदा आहे, जीवघेणे आहे, आणि तरीही अशा तारांनी माणसे मेल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. त्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट होती. मामू दोन वाजता मोटार चालू करायला निघाले. कुत्रा पुढे धावत होता. तो तारेला चिकटला आणि जागीच गेला. मामू दहा पावले मागे होते.

सकाळी अण्णा धावत आले. रडवेल्या आवाजात म्हणाले, "भाई, मी डुकरांसाठी लावली होती हो!" मामू एवढेच म्हणाले, "अण्णा, तारेला काय माहीत कोण आलंय ते?"

श्रोतेहो, धाकाचे सगळे दुखणे या प्रश्नात आहे. धाक शत्रूला थांबवील. चुकीला कसा थांबवणार? चूक काही घाबरत नाही.

२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका लष्करी केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी कामावर होता. यंत्राने इशारा दिला : अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले. मग दुसरे, तिसरे, एकूण पाच. नियमाप्रमाणे त्याने ते वर कळवायचे होते. त्याने मनाशी विचार केला, जग संपवायला निघालेला माणूस पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? इशारा खोटा आहे, असे त्याने कळवले. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखा दिसला होता. त्या रात्री यंत्राने दाखवलेली भीती एका माणसाने मानली नाही, म्हणून जग वाचले.

हे फार दूरचे वाटत असेल, तर घराजवळचे उदाहरण घ्या. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कुणी दगावले नाही. आपल्या सरकारने चूक कबूल केली, खेद व्यक्त केला. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फही केले. पण हीच चूक मे २०२५ च्या त्या चार दिवसांत झाली असती तर? अमेरिका आणि रशिया यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला साधारण अर्धा तास लागतो. आपल्याकडे हिशेब मिनिटांचा आहे. तेवढ्या वेळात एखादा पेत्रोव्ह विचार तरी कसा करणार?

मग मामूंनी आणि अण्णांनी काय केले? भांडण मिटले असे नाही. बांधाचा वाद जुना होता. पण दोघांनी एक ठरवले. तार कुठून कुठे आहे ते अण्णांनी मामूंना चालत नेऊन दाखवायचे, आणि बटण दाबण्याआधी बांधावरून हाक मारायची. मामूंनी उलट हाक दिल्याशिवाय करंट सोडायचा नाही. त्या हंगामात रोज संध्याकाळी ती हाक ऐकू यायची. पुढच्या वर्षी अण्णांनी तार काढली आणि झटका मशीन बसवली. डुकराला हिसका बसतो, जीव जात नाही.

राष्ट्रांनीही हेच केले आहे. १९६२ मध्ये क्यूबावरून अणुयुद्ध दारात येऊन उभे राहिले, तेव्हा १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशाची सोय झाली. हाक आधी आली, करार मागून आले. १९८० च्या दशकाच्या मध्याला जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रे होती. आज सुमारे १२ हजार आहेत. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३१ डिसेंबर १९८८ रोजी करार झाला : एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार १९९२ पासून १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा उभ्या राहिल्या. तरी १ जानेवारी २००२ ला यादी गेली आणि आली. १० मे २०२५ ची शस्त्रसंधीही दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या फोनवरच ठरली.

काळजी आहे ती हाका कमी होत चालल्याची. अमेरिका आणि रशिया यांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपली. सगळीकडे करंट वाढवण्याची भाषा जोरात आहे.

त्या दिवशी हॉटेलातल्या मुलाला मी काही बोललो नाही, याची खंत आहे. आज सांगतो. बाळा, रोजची कटकट परवडली. कटकट करायला दोघे जिवंत असावे लागतात. आपल्या सरकारने सीमा जरूर राखावी; पण शत्रूशी फोन चालू ठेवणाऱ्याला भित्रा म्हणू नये. आमचे मामू भित्रे नव्हते. अंथरुणावर म्हातारे होऊन गेले. खांदा द्यायला अण्णा होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)